साधन कुणाचं, निवड कुणाची?

(धुळे इथं जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या बायकांच्या गटांचं दोन दिवसांचं शिबिर झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी झालेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

काल रात्री गाणी म्हणून बऱ्याच जणींचे घसे बसलेत. माझाही बसलाय, त्यामुळं मी ओरडून बोलणार नाही. मागं ऐकू आलं नाही तर हात करा.

मला विषय दिलाय तो गर्भनिरोधक साधनं आणि निवड. भिंतीवर तक्ते लावलेले आहेत. पिशवी कुठं, नळ्या कुठं, तांबी कशी बसते, हे काल सिस्टरनी तुम्हाला दाखवलंय, आणि माझ्यापेक्षा चांगलं दाखवलंय. ते मी पुन्हा सांगत बसत नाही. मी सांगणार आहे ती एक अडचण आहे, आणि ती माझी स्वतःची आहे.

गेल्या वर्षी दसऱ्यानंतर मी साक्री तालुक्यात पिंपळनेरच्या अंगाला एका गावात बैठकीला गेले होते. दिवाळी झाली की तिकडची माणसं गाड्या भरून बारडोलीकडं ऊसतोडीला जातात. गावात बांधाबांध सुरू होती. बैठक रेशनकार्डाची होती. ती संपल्यावर एक जण मला म्हणाली, चला, पाणी देते, आणि घरात न नेता गोठ्यामागं घेऊन गेली. वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस. दोन मुली, आणि कडेवर दहा महिन्यांचा मुलगा. म्हणाली, “ताई, माले आते पोर नको. ती सुई कोठे भेटस? पन त्यासले सांगानं नही.”

सुई म्हणजे तीन महिन्यांचं इंजेक्शन. सरकारी दवाखान्यात ‘अंतरा’ म्हणून मिळतं ते.

मी आपली कार्यकर्तीच्या सवयीनं तक्ता सुरू केला. ऑपरेशन? म्हणाली, सासरा म्हणतो एक डोळा म्हणजे काय डोळा, अजून एक मुलगा होऊ दे मग करा. तांबी? मागच्या खेपेला बसवली होती, नवऱ्याला दोरा टोचला, त्यानं चार दिवस भांडण करून काढायला लावली. गोळ्या? कोपीत कुठं लपवू, पीठ-मीठ ठेवायला जागा नाही. निरोधचं नावच काढू नका म्हणाली. माझा सगळा तक्ता तिनं चार वाक्यांत संपवला. तिनं निवड आधीच केलेली होती. माझ्याकडून तिला फक्त पत्ता हवा होता.

आणि मी गप्प बसले. का, ते आता सांगते.

१९९४ साली मी विशीत होते आणि नुकतीच चळवळीत आले होते. त्या वेळी डेपो-प्रोव्हेरा नावाचं इंजेक्शन आपल्या देशात खाजगी डॉक्टरांकडं विकायला आलं होतं, आदल्या वर्षी त्याला परवानगी मिळाली होती. त्याविरुद्ध बायकांच्या संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. त्याच्याही आधी, १९८५ साली, हैदराबादजवळ पाटणचेरूच्या आरोग्य केंद्रात नेट-एन नावाच्या दुसऱ्या इंजेक्शनची चाचणी होणार होती. तिथं जमलेल्या बायकांना आपल्यावर प्रयोग होतोय हेच माहीत नव्हतं. हैदराबादची स्त्री शक्ती संघटना आणि दिल्लीची सहेली यांनी १९८६ मध्ये त्यावर कोर्टात दावा लावला. तो चौदा वर्षं चालला. १९९५ साली औषधांच्या तांत्रिक सल्लागार मंडळानं डेपो सरकारी कार्यक्रमात नको असं सांगितलं, तेव्हा आम्ही इथं, याच धुळ्यात, एकमेकींना पेढे दिले होते. पत्रकं मी स्वतः वाटली होती, बसस्टँडवर. ‘बाईचं शरीर प्रयोगशाळा नाही.’ त्यातला एक शब्दही मी आज मागं घेत नाही. ज्या दवाखान्यात रक्तदाब मोजायचं यंत्र बंद पडलेलं, जिथं पाळी चुकली तरी बाईचं कुणी ऐकत नाही, तिथं तीन महिने अंगातून काढता न येणारं औषध टोचायचं, हा आमचा आक्षेप होता. गोळी सोसली नाही तर बाई उद्या थांबवते. तांबी काढून घेता येते. सुई एकदा टोचली की टोचली.

पुढं २०१५ मध्ये त्याच मंडळानं मत बदललं, आणि २०१७ पासून इंजेक्शन ‘अंतरा’ नावानं सरकारी दवाखान्यांत फुकट आलं. पहिल्या दहा राज्यांत महाराष्ट्र होता. आम्ही निषेधाचं पत्रक काढलं की नाही मला आठवतही नाही. बहुधा काढलं नसावं. तोवर आम्ही दमलो होतो.

आणि आता ही बाई मला विचारतेय, ती सुई कुठं मिळते.

मला वाटलं, हिला नको म्हणावं. पण कोणत्या तोंडानं? वीस-पंचवीस वर्षं मी सांगत आले की निर्णय बाईचा. तिनं निर्णय घेतला आणि तो माझ्या पत्रकात बसेना, तर मी तिची सासू होऊ का? उलट मनात असंही यायचं, की ही निवड कसली? नवरा निरोध वापरत नाही, सासरा ऑपरेशन करू देत नाही, मुकादमाची उचल घेतलेली आहे म्हणून गाव सोडायचंय. सगळ्या वाटा बंद करून एक भगदाड ठेवलं आणि म्हटलं, घे बाई, तुझी निवड. दोन्ही खरं आहे. मी अजूनही या दोन्हींच्या मध्ये आहे.

मग मी तिला सगळं सांगितलं. ‘सगळं’ या शब्दावर मी जोर देतेय, कारण आपल्याकडं अर्धंच सांगायची पद्धत आहे. प्रचार करणारा फायदे सांगतो, विरोध करणारी तोटे सांगते. मी सांगितलं, की पहिले काही महिने पाळीचा भरवसा राहणार नाही. थेंब थेंब अंगावरून जाईल, कधी पंधरा-पंधरा दिवस. नंतर पाळी बंदही होईल. ते रक्त पोटात साठत नाही, डोक्यात चढत नाही, दिवसही गेलेले नसतात. वजन वाढू शकतं. हाडं थोडी विरळ होतात, सुई सोडल्यावर बरीचशी भरून येतात. सुई थांबवल्यावर लगेच मूल राहील असं नाही, सात ते दहा महिने लागू शकतात. फार रक्तदाब असेल, लिव्हरचा आजार असेल, छातीत गाठ असेल, कारण न कळता अंगावरून जात असेल, तर घ्यायची नाही. नवरा बाहेरून काही आजार घेऊन आला, तर त्यापासून ही सुई तुला वाचवणार नाही. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी अंगावर पाजणाऱ्या बाईला ती चालते. आणि तारीख पाळायची. दोन आठवडे आधी चालते, चार आठवड्यांपर्यंत उशीर चालतो, त्यापुढं नाही.

तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, “पंधरा दिन कपडा लागी का?” मी म्हटलं, लागू शकतो. म्हणाली, उसाच्या फडात असंही पाणी नसतं. थोडी थांबली. मग म्हणाली, चालेल.

एक गोष्ट मध्येच सांगते, नाहीतर राहून जाईल. साक्री, शिरपूर आणि सगळा नंदुरबार हा सिकलसेलचा पट्टा आहे. ज्या बाईला सिकलसेलचा आजार आहे तिला गरोदरपण जिवावर बेतू शकतं. तिच्यासाठी कोणतं साधन, याचा विचार आमच्या १९९४ च्या पत्रकात कुठंही नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत अशा बाईला हे इंजेक्शन देण्यावर बंधन नाही. नेहमीच्या मिश्र गोळ्यांना आणि तांबीला थोडी सावधगिरी सांगितली आहे. हे मला कळलं तेव्हा मी दोन दिवस अस्वस्थ होते. आम्ही कोर्टात लढत होतो तेव्हा पुण्या-मुंबईच्या आणि दिल्लीच्या बायकांशी आमचा पत्रव्यवहार होता, पण आमच्याच डोंगरातल्या बाईला आम्ही विचारलं नव्हतं.

तिला घेऊन मी आरोग्य केंद्रात गेले. नाव सांगत नाही. पहिल्या डोसाआधी डॉक्टरनं तपासायचं असतं, पुढचे डोस सिस्टर देऊ शकते. डॉक्टर होते, तपासलं, रक्तदाब मोजला. पण कागद भरताना समोरचा माणूस म्हणाला, नवऱ्याची सही आणा. ती माझ्याकडं बघायला लागली. मैत्रिणींनो, हे लिहून घ्या. इंजेक्शनला नवऱ्याची सही लागत नाही. तांबीला लागत नाही. ऑपरेशनलासुद्धा केंद्र सरकारच्या सूचनांमध्ये नवरा-बायकोपैकी दुसऱ्याच्या संमतीची अट नाही. १९७१ च्या कायद्याप्रमाणं गर्भपाताला सज्ञान बाईची एकटीची संमती पुरते, लग्न झालेलं असो की नसो. तरी सही मागतात. कुणी दुष्टपणानं मागतो असं नाही, उद्या नवरा दारात येऊन तमाशा करेल या भीतीनं मागतात. बाईच्या भीतीपेक्षा दवाखान्याची भीती मोठी. मी आवाज चढवला नाही. म्हटलं, नियम दाखवा. अर्ध्या तासानं सुई मिळाली.

या सहीचा मला राग का येतो तेही सांगते. १९९१ साली माझं वय एकवीस होतं. पदरात सात महिन्यांचं मूल, आणि परत दिवस गेले. अंमळनेर तालुक्यातलं आमचं घर, दीड एकर कोरडवाहू. एका दवाखान्यात गेले. तिथं सांगितलं, पिशवी साफ करून देऊ, पण तांबी बसवून घेणार असाल तर. आणि नवऱ्याला आणा. कायद्यात अशी अट तेव्हाही नव्हती, आजही नाही. मला कुठं ठाऊक होतं? बसवली. आठ महिने माझ्या अंगावरून जात होतं आणि मी कापूस वेचत होते. काढायला गेले तर म्हणाले, सवय होईल. तांबी हे वाईट साधन आहे असं मी म्हणत नाही. माझ्या धाकट्या बहिणीनं स्वतः मागून बसवली, दहा वर्षांची, आणि ती विसरूनही गेली की आपल्या अंगात काही आहे. मग वाईट काय होतं? ती माझ्यात बसवली गेली, मी बसवून घेतली नाही.

आता जरा हात वर करा बघू. ज्यांचं ऑपरेशन झालंय त्यांनी.

बघा. सभागृह अर्ध्यापेक्षा जास्त भरलंय हातांनी. खाली घ्या. आता ज्यांच्या नवऱ्याचं झालंय त्यांनी.

दोन. (हशा.) हसू नका, त्या दोघींना चहा पाजा. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभराचा हिशेब आहे. लग्न झालेल्या वयातल्या शंभर बायकांत अडतीसेक जणींचं ऑपरेशन, आणि पुरुष नसबंदीवर विसंबलेल्या शंभरात एकसुद्धा नाही, हजारात तीन. महाराष्ट्रात तर निम्म्याच्या आसपास बायकांचं झालेलं. म्हणजे आपल्याकडं कुटुंबनियोजन या शब्दाचा अर्थच बाईचं पोट असा आहे.

हे नेहमीच असं नव्हतं. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्यासाठी नोकरी घालवली. त्यांनी स्वतःची नसबंदी करून घेतली होती, बायकोला पुढं केलं नाही. १९३८ च्या नोव्हेंबरात आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीनं मुंबईच्या विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आला, आणि पडला. तो ठराव पडल्याचं मला आजही वाईट वाटतं, कारण पुढं हा विषय राज्यकर्त्यांनी हातात घेतला तो बाईच्या जिवाच्या काळजीनं नाही, डोकी मोजायच्या काळजीनं. आणीबाणीत पुरुषांना धरून नेलं. माझे चुलते सांगायचे, जीप दिसली की माणसं ज्वारीत शिरायची. आपल्या महाराष्ट्रानं तर १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचं विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर केलं होतं, राष्ट्रपतींची सही झाली नाही म्हणून वाचलो. १९७७ ला सरकार पडलं. त्यानंतर कोणत्याही पक्षाची पुरुषाच्या अंगाला हात लावायची छाती झाली नाही. मग आली दुर्बिणीची बिनटाक्याची शिबिरं. मतं जाण्याची भीती पुरुषांची, बायकांची कसली? मार्च महिना आला की गुरुजीसुद्धा ‘एक केस द्या हो’ म्हणत दारोदार फिरायचे. बाईचं नाव नाही, केस. १९९६ मध्ये सरकारनं उद्दिष्टं काढून टाकली, कागदावर. २०१४ साली छत्तीसगडमध्ये बिलासपूरच्या शिबिरांत तेरा बायका मेल्या, आणि २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करा असं सांगितलं. तेरा जणी मेल्यावर.

पुरुषांच्या ऑपरेशनबद्दल आपल्या गटांत बोलणं होतं ते थट्टेचं होतं, म्हणून मी थोडी थांबते. भुसावळकडच्या एका जोडप्याची गोष्ट. तो रेल्वेत, ती अंगणवाडीत. दोन मुलं. तिला रक्तदाब, म्हणून नेहमीच्या गोळ्या नकोत. तांबीनं पाळीत फार रक्त गेलं, हिमोग्लोबिन उतरलं. डॉक्टर म्हणाले ऑपरेशन. ती तयारही होती. आपण बायका तयारच असतो. एका रात्री त्यानं तिला विचारलं, तुझं पोट फाडायचं, तर माझं किती फाडतात? तिला माहीत नव्हतं. आमच्या बैठकीत येऊन तिनं विचारलं. मी म्हटलं, फाडत नाहीत. एक छोटंसं भोक, टाका नाही, तेवढ्या जागेपुरती भूल, वीसेक मिनिटं आणि त्याच दिवशी घरी. ताकद जात नाही, सुख जात नाही, फक्त बीज जायची वाट बंद होते. बाईचं ऑपरेशन पोटाच्या आत शिरून होतं, दोन्हींत हे हलकं. पैसेही सरकार पुरुषाला जास्त देतं. तो गेला आणि करून आला. त्याच्या आईनं तीन दिवस जेवण सोडलं. पोराचं वाटोळं केलं म्हणून सुनेला बोलली, पोराला नाही.

पण यात एक खाच आहे आणि ती बाईच्या गळ्याशी येते. नसबंदी झाल्यावर तीन महिने बीज शिल्लक असतं. तोवर निरोध वापरायचा, मग वीर्य तपासून घ्यायचं. हे सांगितलं नाही, किंवा यानं ऐकलं नाही, आणि बायकोला दिवस गेले, तर बोट कुणाकडं? चोपडा भागात एका बाईला असंच माहेरी पाठवून दिलं होतं. नऊ महिने कुणी विचारलं नाही. आम्ही नवऱ्याला घेऊन तपासणीला गेलो, तर त्याचं ऑपरेशनच फसलेलं. तो गप्प झाला, आणून घातलं तिला घरी. माफी मागितली का? नाही. म्हणून दोघांना एकत्र बसवून सांगा, आणि तपासणीचा कागद बाईच्या हातात ठेवा. बाईचंही ऑपरेशन दोनशेत एखादं फसतं. तसं झालं तर नुकसानभरपाईची सरकारी योजना आहे. कळल्यापासून नव्वद दिवसांच्या आत अर्ज करावा लागतो, आणि त्यासाठी ऑपरेशनचं प्रमाणपत्र जपून ठेवलेलं लागतं. आपण लग्नाची पत्रिका जपतो, हे नाही जपत.

आता ज्याच्याबद्दल खानदेशात बोलायला अवघड जातं ते. मघाशी मी तक्त्यावरची साधनं म्हटलं. आमच्याकडं त्या सगळ्यांआधी एक साधन येतं, ते म्हणजे मुलगा. मुलगा झाला की साधनाचा विचार सुरू होतो. तोवर सून कोणतंही साधन वापरत नाही, वापरू दिलं जात नाही. गर्भलिंगतपासणीवर कायदा करणारं महाराष्ट्र हे पहिलं राज्य, १९८८ मध्ये. केंद्राचा कायदा १९९४ चा. आणि २०११ च्या जनगणनेत आपल्या जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांच्या आतल्या हजार मुलग्यांमागं साडेआठशेसुद्धा मुली नव्हत्या. केळीच्या आणि कापसाच्या पैशानं गावात आलेली ही समृद्धी. त्यामुळं बायका मला विचारतात, ताई, दोन मुलांत अंतर किती ठेवायचं, तर मला आधी विचारावं लागतं, पहिली मुलगी का?

त्यात सरकारी नियमांनी भर घातली. २००१ च्या सप्टेंबरनंतर तिसरं मूल झालं तर पंचायतीत उभं राहता येत नाही. मुलगा तर हवाच, आणि तिसरं तर नको. मग या दोन्हींच्या मध्ये कोण चिरडलं जातं? दुसऱ्या खेपेचं मुलीचं पोट. आणि मुलींसाठीच्या योजनांचे पुढचे हप्ते पाहिजेत, तर ‘माता किंवा पिता’ यांच्या शस्त्रक्रियेचं प्रमाणपत्र मागतात. किंवा! या किंवावर आत्तापर्यंत किती पिता गेले, ते एकदा प्रत्येकीनं आपल्या गावात मोजून या. महाराष्ट्रात आज एका बाईला सरासरी दोनपेक्षा कमी मुलं होतात. लोकसंख्येचा स्फोट झाला म्हणून बाईच्या मागं लागायचं कारण कधीच संपलंय. मागं लागणं संपलेलं नाही.

आणखी एक, मेडिकल दुकानातून नवऱ्यानं आणून दिलेल्या पाळी पाडायच्या गोळ्या. डॉक्टरशिवाय घेतल्या तर अर्धवट पडतं, बाई रक्तात पडते. ते साधन नाही. बाहत्तर तासांच्या आत घ्यायची तातडीची गोळी वेगळी, ती आशाताईकडं मिळते. या दोन्हींत बायका फार गल्लत करतात. कोणत्या डब्यात काय, हे हातात धरून दाखवा.

आता अंमळनेरची बाई सांगते, म्हणजे मी सुईची वकिली करतेय असं वाटायला नको. तिनं सुई घेतली, नवऱ्याला सांगूनच घेतली. घरात कानबाई बसायची होती. श्रावण, भाऊबंदकी जमलेली, रोटाचं दळण घरात, थोरली सून म्हणून सगळं हिच्या हातानं. आणि दुसऱ्या महिन्यापासून हिचं थेंब थेंब चालू. एकवीस दिवस. पाळीची बाई रोटाला शिवत नाही. हिनं कुणाला सांगितलं नाही आणि रोट केला. मग कुणाला तरी डाग दिसला. पुढं जे झालं ते मी या माइकवर सांगत नाही. तिनं दुसरी सुई घेतली नाही. विटाळ हा आपल्या आंदोलनाचा विषय आहे, खरं आहे, आणि ती बंधनं मोडली पाहिजेत. पण ते मोडेपर्यंत त्या घरात तिला राहायचंय. साधन सांगताना तिच्या घरात कानबाई बसते का, तिला बाजूला बसवतात का, हेसुद्धा विचारायला हवं होतं. आम्ही रक्तदाब विचारला, हे विचारलं नाही. आता ती आठवड्याची गोळी घेते, ‘छाया’. आपल्या लखनौच्या संस्थेत शोधलेली, हार्मोनची नसलेली. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. रविवार-बुधवार तिनं देवाच्या कॅलेंडरवर खुणा केल्यात, सासूला वाटतं उपास आहेत. पाळी मात्र कधी कधी पुढं जाते, तेव्हा तिचा जीव टांगणीला लागतो आणि मला फोन येतो.

गटांत काम करताना नुसती साधनांची यादी वाचू नका, हे मी म्हणणार होते, पण तुम्हाला कळलंय. तिला काय काय लपवावं लागतं हे आधी कळू द्या. बदली साधन मागायला ती परत आली तर तिला ‘मागच्या वेळी तूच म्हणालीस ना’ असं बोलू नका. तिनं बदलावं. हजारदा बदलावं.

साक्रीची बाई दिवाळीनंतर बारडोलीकडं गेली. कार्ड तिच्याजवळ होतं, पण त्यावरची तारीख तिला वाचता येत नव्हती. म्हणून जाताना तिच्या थोरल्या मुलीला, ती तिसरीत आहे, आकडा दाखवून ठेवला. पोरीला कशाची तारीख ते सांगितलं नाही. माघ महिन्यात मला एक फोन आला. मुकादमाचा नंबर होता, म्हणून मी घाबरले. पलीकडं ती पोरगी. म्हणाली, “ताई, माय विचारस, ती तारीख उलटीसन सतरा दिन व्हयनात, आखो चालस का?”

मी म्हटलं, चालतं. अकरा दिवस आहेत अजून. जवळचं आरोग्य केंद्र कोणतं ते विचार, आणि कार्ड घेऊन जा म्हणावं. मागून तिचा आवाज आला, ती पोरीला काहीतरी सांगत होती. मग पोरीनं विचारलं, तिथं सही लागंल का?